नवापूरच्या साथीचं बियाणं

१८ फेब्रुवारी २००६, शनिवार. सुरतहून भुसावळकडे जाणाऱ्या पॅसेंजरमधून तुम्ही नवापूरला उतरता. फलाटाचा एक तुकडा महाराष्ट्रात, दुसरा गुजरातेत. चार पावलांत राज्य बदलतं. विषाणूही ही रेघ जुमानणार नाही, शेजारच्या उच्छल तालुक्यातही तो निघणार आहे. पण ते तुम्ही कुणाला सांगू शकत नाही. आज गावात शिरणारा अनोळखी माणूस म्हणजे एक तर सरकारी, नाही तर चॅनेलवाला.

भोपाळच्या प्रयोगशाळेने निकाल दिलाय : एच५एन१. देशातला पहिला बर्ड फ्लू, आणि तो नंदुरबार जिल्ह्यात.

पोल्ट्री दिसायच्या आधी वास येतो. शेडच्या दाराशी मालक उभा आहे, तोंडाला रुमाल बांधून. "अहो, मानमोडी आहे ही. दरसाल लागते मर. तिकडे दिल्लीत बसून यांना काय दिसतं?" त्याला उडवून लावू नका. मानमोडीत, म्हणजे राणीखेतमध्येही, कोंबड्या अशाच पटापट मरतात आणि नुसत्या डोळ्यांनी दोन्हींतला फरक भल्याभल्यांना सांगता येत नाही. तो प्रयोगशाळेतच कळतो. तोवर मात्र मेलेली कोंबडी उघड्या हातांनी उचलली जाते, अंड्यांचे ट्रे गाडीत चढतात.

उद्यापासून पांढरे पोशाख चढवलेली पथकं येतील, शेडच्या शेड रिकामी करतील, पक्षी खड्ड्यांत पुरतील. माणसांचेही नमुने घेतले जातील. एकातही हा विषाणू सापडणार नाही.

इथवरचं तुम्ही टीव्हीवर पाहिलेलं असतं. म्हणून आता पुण्याला चला, राष्ट्रीय विषाणू संस्थेत, म्हणजे एनआयव्हीत. इथे कॅमेरे नाहीत. अंगावर दोन थरांचा पोशाख, मास्क, आणि आतली हवा गाळल्याशिवाय बाहेर न सोडणारी खोली. महाराष्ट्रातल्या त्या साथीतल्या कोंबडीतून वेगळा केलेला विषाणू इथे आहे. त्याचं नाव एखाद्या सातबाऱ्याच्या गट नंबरासारखं रुक्ष : ए/चिकन/इंडिया/एनआयव्ही३३४८७/२००६.

हा माणसांत पसरू लागला तर लस लागेल, आणि ती आयत्या वेळी शून्यापासून करता येत नाही. पण एक पेच आहे. फ्लूची लस वाढवतात कोंबडीच्या अंड्यात, आणि हा विषाणू अंड्यातलं पिल्लूच मारून टाकतो. मग अमेरिकेतल्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेच्या साथीने काम होतं : विषाणूच्या ज्या बारीकशा भागामुळे तो इतका मारक ठरतो तो जनुकातून कापायचा, त्याच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांची दोन जनुकं घ्यायची आणि उरलेली सहा १९३४ साली पोर्टो रिकोत सापडलेल्या, प्रयोगशाळेत माणसाळलेल्या जुन्या फ्लूची जोडायची. तयार झालेलं लसीचं बियाणं जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत जातं. ज्याला लस करायची आहे त्याने मागावं.

माझ्या मते लस संशोधकाचं निम्मं आयुष्य हे असं जातं, कदाचित कधीच न टोचल्या जाणाऱ्या लसीत. त्याचे सत्कार होत नाहीत, व्हायचं कारणही नाही.

आता फेब्रुवारी २०२१. पुन्हा नवापूर, पुन्हा बर्ड फ्लू. कोविडची लस नुकतीच निघालीय, आरोग्य कर्मचाऱ्यांना ती टोचली जातेय. दुसऱ्याच एका शेडचा मालक विचारतो, "माणसाची लस वर्षभरात झाली. कोंबडीला का देत नाही?"

चीन, इजिप्तमध्ये देतात, तुम्ही सांगता. पण लस घेतलेली कोंबडी कधी कधी न मरता, आजारी न पडता विषाणू फैलावत राहते, मग साथ कुठे आहे तेच कळत नाही. म्हणून आपल्याकडे मारण्याचं धोरण.

"म्हणजे आमच्या मेल्या की तुम्हाला कळतं," तो म्हणतो, आणि भरपाईच्या अर्जावर पक्ष्यांचा आकडा लिहायला वळतो.