कॅमेरा गावात कुठे उभा राहतो? पस्तापूरच्या दलित बायकांनी घडवलेला इतिहास

४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना बाबासाहेबांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना ठणकावले, हे आपण सगळे जाणतो. गाव म्हणजे एकजीव समाज नव्हे. गावात एक गाव असते आणि एक गावकुसाबाहेरची वस्ती असते. विहीर वेगळी, स्मशान वेगळे, बसण्याची जागाही वेगळी. ही गोष्ट राज्यशास्त्राच्या पुस्तकात आता कोणी नाकारत नाही. पण कलेच्या जगात ते एकजीव खेडे अजून मजेत नांदते आहे. 'ग्रामीण समुदायासोबत फिल्म', 'गावाला आवाज देणारा प्रकल्प', 'लोककथांचे जतन' असे शब्द आपण रोज वाचतो. कोणते गाव? कोणाचा आवाज? कोणते लोक? हे विचारले की समोरचा गप्प होतो.

म्हणून या विषयाचा इतिहास एका साध्या प्रश्नावरून तपासला पाहिजे. कॅमेरा गावाच्या कोणत्या टोकाला उभा राहिला, आणि तो कोणाच्या हातात होता?

सुरुवात १९७५ पासून करू. त्या वर्षी १ ऑगस्टला भारतात 'साइट' हा उपग्रह दूरदर्शनचा प्रयोग सुरू झाला आणि तो वर्षभर चालला. उपग्रह अमेरिकेच्या नासाचा होता, काम इस्रोचे आणि सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत टीव्ही संच बसवले गेले. शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन असे कार्यक्रम आकाशातून खाली येऊ लागले. प्रयोग मोठा होता आणि हेतूही चांगला होता. पण त्याची दिशा पाहा. बोलणारा वर, ऐकणारा खाली. शहरातला शिकलेला माणूस सांगणार आणि खेड्यातल्याने मान डोलवायची. शिवाय संच ठेवायचे ते सार्वजनिक जागेत, म्हणजे शाळेत किंवा पंचायतीच्या इमारतीत. गावातली 'सार्वजनिक' जागा नेमकी कोणाची असते, हे वस्तीतल्या बाईला वेगळे सांगावे लागत नाही.

या प्रयोगात काम केलेल्यांपैकी एक होते पी. व्ही. सतीश. दूरदर्शनचे निर्माते म्हणून त्यांनी ग्रामीण कार्यक्रम केले. पुढे १९८३ मध्ये काही सहकाऱ्यांसह त्यांनी डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी ही संस्था उभी केली. जागा होती त्या वेळच्या मेदक जिल्ह्यातल्या जहीराबाद परिसरातले पस्तापूर. हा भाग आपल्याला परका नाही. १९५६ पर्यंत मेदक, बीदर आणि आपला मराठवाडा एकाच हैदराबाद राज्यात होते. तीच कोरडवाहू जमीन, तीच ज्वारी, तोच जमीनदार आणि तीच जात.

संस्थेचे काम गावोगावच्या 'संघम'मधून चालले. संघम म्हणजे गावातल्या गरीब, मुख्यतः दलित बायकांचा गट. पडीक जमीन कसायला आणायची, जुनी बियाणी जपायची, ज्वारी-बाजरीसारख्या धान्यांवर स्वतःची रेशनव्यवस्था उभी करायची, ही त्यांची कामे. या बायकांकडे कागद नव्हता, पण ज्ञान होते. कोणते बी कोणत्या मातीत लावायचे, कोणत्या पिकाशेजारी कोणते पीक घ्यायचे, हे सगळे गाण्यात, गोष्टीत आणि सणाच्या रीतीत साठवलेले होते. आपल्या शिक्षणव्यवस्थेने अशा बाईला 'निरक्षर' असे एकच नाव दिले आणि विषय संपवला.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात यातल्या काही बायकांच्या हातात व्हिडिओ कॅमेरा आला. बहुतेकींनी शाळा पाहिलेली नव्हती. चित्रीकरण, आवाज, संकलन त्या शिकल्या. २००१ मध्ये त्यांचा कम्युनिटी मीडिया ट्रस्ट उभा राहिला.

इथे जे घडले ते फिल्मच्या इतिहासात ठळक अक्षरांत नोंदवण्यासारखे आहे. कॅमेऱ्याच्या कोनांना इंग्रजी पुस्तकांत ठरलेली नावे असतात. या बायकांनी स्वतःची नावे पाडली. कॅमेरा वर ठेवून खाली बसलेल्या माणसाचे चित्र घेतले तर तो 'पटेल शॉट'. तेलंगणातला पटेल म्हणजे आपल्याकडचा पाटील. तो घोड्यावरून किंवा ओट्यावरून खालच्याकडे असाच पाहतो. कॅमेरा खाली ठेवून वर पाहिले तर तो 'गुलाम शॉट', कारण मजुराला मालक नेहमी खालूनच दिसतो. आणि कॅमेरा समोरच्याच्या डोळ्यांच्या पातळीवर धरला तर तो 'संघम शॉट'. संघममध्ये सगळ्या जणी जमिनीवर गोल करून बसतात. तिथे कोणी वर नाही, कोणी खाली नाही.

कोणत्याही फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये न गेलेल्या बायकांनी तीन शब्दांत जातिव्यवस्थेचे दृश्यशास्त्र मांडले. पाहणे निरागस नसते. कोण कोणाकडे कुठून पाहतो यात सत्ता असते. समाजशास्त्राच्या वर्गात हे समजून घेण्यासाठी आम्हाला परदेशी विचारवंतांची जाडजूड पुस्तके वाचायला लावतात. पस्तापूरच्या बायकांना ते अंगावरच्या अनुभवातून कळले होते. आणि 'संघ' हा शब्द आपल्याला कुठून माहीत आहे, हे या वाचकांना सांगायची गरज नाही.

नावे पाडून त्या थांबल्या नाहीत. २००२ मध्ये सरकारने बीटी कापसाला परवानगी दिली. या बायका कॅमेरा घेऊन वारंगळ जिल्ह्यात गेल्या. त्या हंगामात त्या पुन्हा पुन्हा त्याच शेतकऱ्यांकडे जात राहिल्या. पेरणीच्या वेळची आशा, मधली फवारणी, शेवटचा हिशेब हे सगळे त्यांनी टिपले. त्यातून बनलेली फिल्म 'वारंगळचे शेतकरी बीटी कापसावर का संतापले?' हाच प्रश्न विचारते. पुढे त्यांनी या विषयावर आणखी फिल्म केल्या आणि भारताबाहेरच्या शेतकऱ्यांचे म्हणणेही टिपले. बीटीबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत आणि तो वाद वेगळा. इथला मुद्दा असा की आजवर जिच्यावर फिल्म व्हायची, ती आता प्रश्न विचारणारी झाली. शेतकऱ्यासमोर शेतकरी बाईच कॅमेरा घेऊन बसली तेव्हा त्याने हिशेब लपवला नाही, कारण तिला एका बोंडाचे मोल कळत होते. शहरातून आलेला पत्रकार एका दिवसात बाइट घेऊन परततो. शेताचे सत्य एका दिवसात सापडत नाही.

रेडिओची कथा याहून कडवट आहे. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले. पस्तापूरजवळच्या माचनूर गावात युनेस्कोच्या मदतीने १९९८ च्या सुमारास रेडिओचा स्टुडिओ तयार झाला. बायका कार्यक्रम बनवू लागल्या, पण परवाना नव्हता. मग त्या कार्यक्रमांच्या कॅसेट गावोगावच्या संघमच्या बैठकीत नेऊन वाजवत. डिसेंबर २००२ मध्ये धोरण आले ते फक्त शिक्षणसंस्थांसाठी. विद्यापीठाला मिळाले, बाईला नाही. सामाजिक संस्थांना दार उघडले ते २००६ मध्ये. अखेर १५ ऑक्टोबर २००८ रोजी संघम रेडिओ हवेत गेला. तो दलित बायका चालवतात. लहरी सार्वजनिक असल्याचा निकाल लागल्यापासून वस्तीतल्या बाईचा आवाज त्या लहरींवर पोचायला तेरा वर्षे लागली. म्हणूनच 'आवाज देणे' हा शब्द खटकतो. आवाज होताच. त्याची वाट अडवलेली होती.

कोणी म्हणेल, संस्था तर बाहेरच्या शिकलेल्या माणसांनीच उभी केली, पैसाही बाहेरून आला. हा आक्षेप खरा आहे आणि तो आपण सोडू नये. संस्थेच्या मदतीवर उभे राहिलेले काम म्हणजे चळवळ नव्हे. पण बाहेरचा माणूस आला, एवढ्यावर निकाल देता येत नाही. तो येऊन काय सोडून गेला, हे पाहावे लागते. पस्तापूरमध्ये कौशल्य बायकांच्या हातात राहिले आणि नावे त्यांनी दिली. उलट बहुतेक ठिकाणी कलावंत येतो, महिनाभर राहतो, म्हातारीकडून गोष्टी काढून घेतो, फिल्म महोत्सवात जाते, आणि वस्तीत ती कधी दाखवलीही जात नाही. काही वर्षांनी म्हातारी जाते. तिच्या पोराकडे तिचा आवाजसुद्धा उरत नाही.

आपल्याकडे या बाबतीत मोठा वारसा आहे. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. तमाशाचा ओळखीचा साचा घेतला आणि त्यात देवादिकांच्या जागी सावकार, अस्पृश्यता आणि शिक्षणाचा प्रश्न आणला. तिथे कलावंत आणि समुदाय अशी दोन माणसे नव्हतीच. जो भोगत होता तोच गात होता.

दुसरा वारसा जात्यावरच्या ओव्यांचा. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी ऐंशीच्या दशकापासून कार्यकर्त्यांसोबत महाराष्ट्राच्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखावर ओव्या गोळा केल्या. त्यात बाबासाहेबांवरच्या ओव्या मोठ्या संख्येने आहेत. २०१७ पासून 'परी' या संकेतस्थळावर त्या प्रसिद्ध होऊ लागल्या आणि गायिकांना पुन्हा भेटून त्यांचे चित्रीकरणही झाले आहे. या कामाचे मोठेपण संख्येत नाही. तिथे ओवीखाली बाईचे नाव आहे, गाव आहे आणि जातही नोंदलेली आहे. काहींना जातीची नोंद खुपते. पण 'लोकगीत, कवी अज्ञात' असे लिहिले की बाई पुसली जाते आणि वस्तीही पुसली जाते. मग बौद्ध बाईने भीमरायावर रचलेली ओवी 'मराठी मातीचा ठेवा' होते, आणि त्या मातीत तिला पाणी का नाकारले होते हा प्रश्न मागे पडतो.

आज हे लिहिण्याचे कारण तातडीचे आहे. १९५६ मध्ये दीक्षाभूमीवर आईबापाचे बोट धरून उभे असलेले दहा वर्षांचे मूल आज ऐंशीच्या घरात आहे. ती पिढी आपल्या डोळ्यांसमोर संपते आहे. देव कोणत्या नदीत सोडले, मेलेले ढोर ओढायचे कधी थांबवले, त्यावर गावाने काय केले, हे बहुतेक गावांत कागदावर नाही. ते फक्त त्यांच्या तोंडी आहे. आणि आज प्रत्येक घरात कॅमेरा असलेला फोन आहे.

तेव्हा दोन गोष्टी करू. बाहेरचा कॅमेरा वस्तीत आला की चहा जरूर द्यावा, पण तीन प्रश्न विचारून मगच बसू द्यावे. संकलनाच्या वेळी आमच्यातले कोण बसणार? फिल्म आधी कुठे दाखवणार? मूळ चित्रीकरणाची प्रत वस्तीकडे राहणार की नाही? दुसरे म्हणजे येत्या वर्षावासात प्रत्येक विहाराने आपल्या गावातल्या ज्येष्ठांच्या आठवणी नोंदवाव्यात. नाव, गाव, तारीख नीट लिहावी आणि प्रत विहारात ठेवावी. फोन आजीच्या नातीच्या हातात द्यावा. तिने खुर्ची घेऊ नये. आजीसमोर जमिनीवर बसावे आणि फोन आजीच्या डोळ्यांच्या पातळीवर धरावा.

जय भीम!