बॉम्बच्या गणितातून ताऱ्याच्या मृत्यूकडे

१/ १९५९, जिनिव्हा. अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघ यांच्यात अणुचाचणी-बंदीच्या वाटाघाटी सुरू होत्या. अवकाशात चोरून केलेला स्फोट उपग्रहांनी टिपावा, असा प्रस्ताव होता. अमेरिकेचे सल्लागार स्टर्लिंग कोलगेट यांनी शंका काढली: दूरचा एखादा तारा फुटला आणि त्याच्या गॅमा किरणांना कोणी बॉम्ब समजले तर?

२/ उत्तर कोणापाशीच नव्हते; कारण तारा नेमका फुटतो कसा, हेच ठाऊक नव्हते. सुपरनोव्हात ताऱ्याचे रूपांतर न्यूट्रॉन ताऱ्यात होते, ही कल्पना वॉल्टर बाडे आणि फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३४ मध्येच मांडली होती. पण आत कोसळणारा गाभा बाहेरचे थर उधळतो कसा?

३/ कोलगेट यांनी लिव्हरमोर प्रयोगशाळेत हायड्रोजन बॉम्बवर काम केले होते. रिचर्ड व्हाइट यांच्यासह त्यांनी तीच आकडेमोड ताऱ्याला लावली. १९६६ चा त्यांचा निष्कर्ष असा: गाभ्याची प्रचंड ऊर्जा न्यूट्रिनो बाहेर नेतात, तिचा अल्प अंश थरांत मुरला, तरी तारा फुटतो.

४/ मग तो महिनोन्‌महिने तेजाळतो कशाने? १९६९ मध्ये कोलगेट आणि चेस्टर मॅकी यांनी किरणोत्सर्गी निकेलकडे बोट दाखवले. निकेल-५६ चे कोबाल्ट होते, कोबाल्टचे लोखंड. त्यातून सुटणारी ऊर्जा उधळलेल्या वायूला उजळत ठेवते.

५/ पुढे गणित सूक्ष्म झाले, तसा संगणकातला तारा फुटेनासा झाला. गाभ्यातून निघालेली आघात-लहर वाटेतच अडे. जेम्स विल्सन यांनी आकडेमोड अधिक काळ पुढे नेली, तेव्हा न्यूट्रिनोंच्या उष्णतेने अडलेली लहर पुन्हा उठली. १९८५ मध्ये हान्स बेथे आणि विल्सन यांनी हे स्पष्टीकरण प्रसिद्ध केले.

६/ दोनच वर्षांनी, २३ फेब्रुवारी १९८७ रोजी, परीक्षा आली. मोठ्या मॅगेलनी मेघात तारा फुटला. जपान, अमेरिका आणि सोव्हिएत संघातील उपकरणांनी मिळून जेमतेम दोन डझन न्यूट्रिनो टिपले. पुढे त्याचे तेज कोबाल्ट-५६ च्या ७७ दिवसांच्या अर्धायुष्यानुसार उतरत गेले.

७/ आणि ती जिनिव्हातील शंका? १९६७ मध्ये अमेरिकेच्या वेला उपग्रहांनी गॅमा किरणांचा झोत खरोखर टिपला. तो बॉम्ब नव्हता. असे झोत अंतराळातून येतात, हे १९७३ मध्ये जाहीर झाले. त्यांतील अनेकांचे मूळ फुटणाऱ्या महाकाय ताऱ्यांत आहे, हे पुढे सिद्ध झाले.