पंचगंगेचे बर्गे आणि मासे

पंचगंगेतल्या माशांचा इतिहास लिहायचा तर तो बंधाऱ्यांपासून सुरू करावा लागतो. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांच्या पाण्याने प्रयाग चिखलीजवळ घडलेली ही नदी नृसिंहवाडीला कृष्णेत मिळते. समुद्र तिच्यापासून फार दूर आहे. तरीही समुद्राच्या अभ्यासातून निघालेला एक नियम तिला लागू पडतो. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ आडोल्फ रेमाने यांनी 1934 मध्ये बाल्टिक समुद्राच्या अभ्यासातून दाखवले, की धड गोड ना धड खारट अशा पाण्यात तळाशी राहणाऱ्या प्राण्यांच्या जाती सर्वांत कमी असतात. तिथले खारेपणाचे चढउतार सोसणारे मोजकेच, पण ते भरपूर वाढतात. पंचगंगेत खारेपणाची जागा प्राणवायूने घेतली आहे आणि भरती-ओहोटीची जागा बर्ग्यांनी, म्हणजे बंधाऱ्यांत घालायच्या फळ्यांनी.

कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी 1895 मध्ये शाहूपुरीची गूळपेठ वसवली आणि पुढे भोगावतीवर राधानगरी धरणाचे काम हाती घेतले. ते पुरे व्हायला 1950 चे दशक उजाडले. ऊस वाढला तशी पाण्याची गरज वाढली आणि नदीवर बंधारे आले. दगडी खांबांच्या खाचांत पावसाळा सरल्यावर बर्गे सरकवायचे, त्यांच्या दोन ओळींमध्ये माती ठासायची आणि पुढचा पावसाळा तोंडावर आला की सगळे काढून घ्यायचे, ही 'कोल्हापूर पद्धत' राज्यभर पोचली. तिने शेतकऱ्याला पाणी दिले, पण वाहत्या नदीची वर्षातले कित्येक महिने तळ्यांची माळ केली. वाहते, स्वच्छ पाणी लागणाऱ्या महसीरसारख्या माशाला ती परकी झाली. चिलापीचे मात्र फावले. 1952 मध्ये भारतात आणलेला हा मासा मूळचा आग्नेय आफ्रिकेतल्या नद्यांचा आणि खाड्यांचा. बदलते, कमी प्राणवायूचे पाणी त्याच्या अंगवळणी पडलेले.

मासे मरतात ते सांडपाण्याने, बंधाऱ्याने नव्हे, असा आक्षेप घेतला जातो. जयंती नाल्यातून कोल्हापूर शहराची घाण नदीत येते, हे खरेच. पण घाण कुजताना जो प्राणवायू खर्ची पडतो, तो वाहते पाणी लवकर भरून काढते. वैशाखात तापलेल्या साचल्या पाण्यात तो आधीच कमी असतो. म्हणून पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करतात, आणि वरची हवा घेऊ शकणारी मरळ तगून राहते. दुसरा आक्षेप असा, की उन्हाळ्यात नदी पूर्वीही डोहांतच उरायची. तेही खरे, पण त्या डोहांत आजच्याइतके सांडपाणी नव्हते, म्हणून मासे तिथे तग धरत. सांडपाणी आणि साचलेपण यांच्या जोडीनेच घात केला आहे.

बंधारे पाडा, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. ऊस आणि पिण्याचे पाणी त्यांच्यावरच आहे. पण बर्गे घालताना शेतीचा हिशेब होतो, तसाच नदीतल्या जिवांचाही व्हावा: सांडपाणी शुद्ध झाल्याशिवाय नदीत सोडू नये आणि उन्हाळ्यात बंधाऱ्यांतून थोडे तरी पाणी वाहते ठेवावे.