थंड डब्याची कुळकथा

गुस्टाव्हस स्विफ्ट हा मॅसॅच्युसेट्समधला खाटीक १८७५ मध्ये शिकागोत आला, तेव्हा तिथला मांसाचा धंदा जिवंत गुरांवर चालत होता. पश्चिमेच्या कुरणांवरची गुरे शिकागोच्या युनियन स्टॉक यार्डात उतरत, तिथून पुन्हा मालगाडीत चढत आणि बोस्टन, न्यू यॉर्कच्या खाटीकखान्यांत पोचत. वाटेत त्यांना उतरवून चारापाणी करावे लागे. काही गाडीतच मरत, उरलेली रोडावत. गुराच्या वजनाचा निम्म्याच्या आसपास भाग खाण्याच्या उपयोगी नसे, भाडे मात्र पुऱ्या वजनाचे पडे. स्विफ्टचा हिशेब असा, की गूर शिकागोतच कापावे आणि पूर्वेला नुसते मांस धाडावे. १८७७ च्या हिवाळ्यात त्याने दहा मालडब्यांची दारे काढून टाकली, आत मांस टांगले आणि गाडी सोडून दिली. कडाक्याच्या थंडीतून धावणाऱ्या त्या उघड्या डब्यांत मांस टिकले.

हिवाळ्यात ते साधले. उन्हाळ्यासाठी मात्र अशी भिंत हवी होती, जी बाहेरचा ऋतू बाहेरच ठेवील.

थंड डब्याचा इतिहास सांगताना बहुधा बर्फाचे आणि यंत्राचे कौतुक होते. भिंतीकडे कुणाचे लक्ष जात नाही, आणि हा तिच्यावर मोठा अन्याय आहे. उष्णता नेहमी गरम जागेकडून थंड जागेकडे जाते, तिला कायमचे थोपवता येत नाही. तिची वाट लांबवणे एवढेच डबा बांधणाऱ्याच्या हाती असते. भिंतीतून जेवढी उष्णता आत झिरपेल तेवढीच बर्फाला किंवा यंत्राला बाहेर उपसावी लागते. होडी गळकी असेल तर उपसणारा कितीही दणकट असून काय उपयोग!

ही भिंत रेल्वेच्या आधी जहाजांत तयार झाली. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने १८०६ मध्ये तळ्यांवरचा बर्फ कापून कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावर नेला, तेव्हा लोकांनी त्याला वेड्यात काढले. सुरुवातीला तो बर्फाभोवती गवत, पेंढा भरत असे. पुढे त्याला लाकडाचा भुसा सापडला. न्यू इंग्लंडच्या लाकूड गिरण्यांत भुशाचे ढीग नुसते पडून असत, त्यामुळे माल जवळपास फुकटचा. कोरडा भुसा म्हणजे खरे तर लाकडाच्या कणांत अडकलेली हवा. स्थिर हवा उष्णतेची फार वाईट वाहक असते आणि भुसा तिला हलू देत नाही. १२ मे १८३३ रोजी ‘टस्कनी’ हे जहाज १८० टन बर्फ घेऊन बोस्टनहून निघाले. विषुववृत्त दोनदा ओलांडून चार महिन्यांनी ते कलकत्त्याला लागले, तेव्हा सुमारे १०० टन बर्फ शाबूत होता. पुढच्याच वर्षी तो मुंबईत उतरला आणि तो साठवायला पुढे लोकवर्गणीतून फोर्टात बर्फघर उभे राहिले. त्या चार महिन्यांच्या प्रवासात कुठलेही यंत्र नव्हते. होता तो जहाजाच्या पोटातला भुसा आणि घट्ट रचलेल्या बर्फाचा स्वतःचा मोठा आकार.

रेल्वेने हीच युक्ती उचलली. १८५१ मध्ये न्यू यॉर्क राज्यातल्या नॉर्दर्न रेलरोडने ऑग्डेन्सबर्गहून बोस्टनला लोणी पाठवले ते बर्फ भरलेल्या मालडब्यातून. लोणी सोशिक असते, त्यामुळे ते जमले. मांसाचे तसे नव्हते. बर्फाला टेकलेल्या मांसाचा रंग जाई आणि चवही बिघडे, म्हणून त्याला बर्फाचा स्पर्श न होऊ देता बर्फाची हवा मात्र लागायला हवी होती. डेट्रॉइटच्या विल्यम डेव्हिसने १८६८ मध्ये एका डब्याचे पेटंट घेतले. त्यात बर्फ आणि मीठ यांच्या मिश्रणावर धातूच्या सांगाड्यातून मांस टांगलेले असे. मांसव्यापारी जॉर्ज हॅमंड याने ते विकत घेऊन १८६९ मध्ये बोस्टनला माल धाडला. पण वळणावर टांगलेली धडे एकदम एका बाजूला झुलत आणि डबे रुळांवरून घसरत. असे काही अपघात झाल्यावर ती पद्धत सोडून द्यावी लागली. डेट्रॉइटच्याच जे. बी. सदरलंडने त्याआधी, १८६७ मध्ये, डब्याच्या दोन्ही टोकांना बर्फाची कोठारे ठेवून गार हवा आपल्या वजनानेच डब्यात फिरेल अशी रचना नोंदवली होती. पुढची शंभर वर्षे बहुतेक बर्फाचे डबे याच वळणाचे राहिले.

स्विफ्टने अँड्र्यू चेस नावाच्या अभियंत्याला कामाला लावले. १८७८ मध्ये चेसने आखलेल्या डब्यात बर्फ वर होता आणि मांस खाली, घट्ट रचलेले. गार हवा जड, ती आपोआप खाली उतरे. वजन तळाशी असल्यामुळे डबा झुलत नसे. मग एक वेगळाच अडथळा आला. मोठ्या रेल्वे कंपन्यांनी असे डबे बांधायला नकार दिला. त्यांचे पैसे गुरांचे डबे, वाटेतले कोंडवाडे आणि चाऱ्याच्या व्यवस्थेत अडकलेले होते. मांस कापून जाऊ लागले तर निम्मे भाडे बुडाले असते. स्विफ्टने स्वतःच्या पैशाने डबे बांधून घेतले आणि ग्रँड ट्रंक रेल्वेची वाट धरली. ती कॅनडातून वळसा घालून जाई आणि तिच्याकडे गुरांची वाहतूक फारशी नव्हती, म्हणून तिला गमावण्यासारखेही काही नव्हते. थोड्याच वर्षांत स्विफ्टच्या डब्यांतून आठवड्याला ३,००० च्या आसपास धडे बोस्टनला जाऊ लागली.

डब्याच्या आतल्या बाजूला मात्र वेगळीच झुंज चालली होती. जहाजात चार महिने इमानाने वागलेला भुसा रेल्वेत दगा देऊ लागला. गाडीच्या हादऱ्यांनी तो भिंतीत खाली बसे आणि वरचा भाग पोकळ राही, म्हणजे जिथे छताकडून ऊन येते तिथेच भिंत रिकामी. त्याहून वाईट म्हणजे ओल. थंड भिंतीवर बाहेरच्या हवेतली वाफ साचते आणि बर्फाचे पाणी फटींतून मुरते. पाणी स्थिर हवेच्या वीसपटीहून अधिक उष्णता वाहून नेते, त्यामुळे भिजलेला भुसा उष्णता अडवण्याऐवजी तिला वाट करून देई. मग तो कुजे, वास मारे आणि भिंतीचे लाकूडही कुजवे.

कारागिरांनी थरांची भिंत रचायला घेतली ती यावर तोड म्हणून. बाहेर लाकडी फळ्या, मग जाड कागद, मग हवेची पोकळी, पुन्हा कागद, त्यानंतर गुरांच्या केसांचे दाबून बनवलेले फेल्ट आणि आत पुन्हा फळ्या. ज्या जनावराचे मांस डब्यात टांगलेले, त्याच जातीच्या जनावरांचे केस त्या मांसाला उन्हापासून राखत. शिकागोच्या मांस कंपन्या जनावराचा कुठलाही भाग वाया जाऊ न देण्याबद्दल प्रसिद्ध होत्या, आणि हा त्यातला एक उत्तम नमुना. नंतर बुचाच्या झाडाची साल, शेवरीच्या जातीच्या झाडाचा कापूस, खनिज लोकर, काचलोकर असे पदार्थ येत गेले. यातला प्रत्येक पदार्थ जे करतो ते एकच, हवेला लहान लहान कप्प्यांत कोंडून ठेवणे.

भिंत कितीही चांगली असली तरी बर्फ वितळतच राही. त्यामुळे अमेरिकाभर बर्फाची आणखी एक रेल्वे उभी राहिली. युनियन पॅसिफिक आणि सदर्न पॅसिफिक यांनी १९०६ मध्ये पॅसिफिक फ्रूट एक्स्प्रेस ही कंपनी काढली. कॅलिफोर्नियाची फळे आणि भाजी पूर्वेला न्यायची, हेच तिचे काम. तिच्या रोझव्हिल इथल्या कारखान्याची गणना जगातल्या सर्वांत मोठ्या बर्फ कारखान्यांत होई. एका डब्यात सुमारे ५ टन बर्फ मावे. गाडी ठरावीक अंतरावर लांबलचक फलाटापाशी थांबे. माणसे छतावरची झाकणे उघडून १००-१५० किलोचे ठोकळे आकड्यांनी ओढत आत ढकलत, आणि काही मिनिटांत अख्खी गाडी भरून पुढे निघे. मांसासाठी बर्फात मीठ घालत. मीठ घातलेला बर्फ शून्याच्या बराच खाली जातो, पण त्याचे खारे पाणी रुळांवर आणि पुलांवर ठिबकून लोखंड खाऊ लागले. शेवटी ते साठवण्यासाठी डब्यांखाली टाक्या बसवाव्या लागल्या.

भिंतीला दिशा नसते हेही याच काळात ठळक झाले. मेन राज्याच्या अरूस्टुक भागातले बटाटे हिवाळ्यात बाजारात जात, आणि तिथे भीती उन्हाची नव्हती, गोठण्याची होती. तोच उष्णतारोधक डबा, तेच फेल्ट, फक्त बर्फाच्या कोठारात बर्फाऐवजी कोळशाची शेगडी. थंडीत आतली ऊब धरून ठेवणारी आणि उन्हात बाहेरची धग अडवणारी भिंत एकच.

यंत्र आले ते उशिरा, आणि आधी ट्रकवर. सिनसिनाटीत १८९३ मध्ये जन्मलेला फ्रेडरिक मॅकिन्ली जोन्स हा कृष्णवर्णी कारागीर लहानपणीच अनाथ झाला होता आणि यंत्रे उघडून पाहतच शिकला होता. मिनियापोलिसच्या जोसेफ न्युमेरोसाठी त्याने १९३८ च्या सुमारास रस्त्याचे हादरे सोसणारे शीतयंत्र बनवले. त्यातून थर्मो किंग ही कंपनी उभी राहिली. १९९१ मध्ये दोघांना मरणोत्तर अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळाले. जोन्स हा ते मिळवणारा पहिला आफ्रिकन-अमेरिकन. रेल्वेला यंत्र घ्यायला भाग पाडले ते फ्लोरिडाच्या गोठवलेल्या संत्र्याच्या रसाने. त्याला शून्याखाली १८ अंश सेल्सियस लागत आणि बर्फ-मिठाचा जोर तिथवर भरवशाने पोचत नसे. १९५० च्या दशकात यंत्राचे डबे वाढत गेले आणि १९७० च्या दशकात बर्फाचे फलाट ओस पडले.

भिंतीतली मोठी क्रांतीही याच काळातली. जर्मनीत ओटो बायर याने १९३७ मध्ये पॉलियुरेथेन शोधले होते. युद्धानंतर त्याचा कडक फोम बनू लागला. दोन पत्र्यांमध्ये द्रव ओतायचा, तो फुगून सगळी पोकळी भरतो आणि पत्र्यांना चिकटून घट्ट होतो. तो खाली बसत नाही, कुजत नाही, आणि भिंतीला ताकदही देतो. त्याच्या बंद कप्प्यांत हवेपेक्षाही कमी उष्णता वाहणारा वायू कोंडलेला असतो, म्हणून ६ ते १० सेंटिमीटर जाडी पुरते. सुरुवातीचा तो वायू ओझोनच्या थराला घातक निघाला. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो बदलत बदलत पुष्कळ कारखाने आता सायक्लोपेंटेनवर आले आहेत.

माल्कम मॅक्लीनने २६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल एक्स’ जहाजावरून ५८ पेट्या नेवार्कहून ह्यूस्टनला नेल्या आणि कंटेनरयुग सुरू झाले. थंड मालासाठी आधी जी पेटी आली ती नुसतीच भिंत होती. ऑस्ट्रेलिया-युरोप मार्गावर १९६९ पासून चाललेल्या या पेट्यांना एका टोकाला दोन भोके असत. जहाजाच्या वाहिन्यांतून एकातून गार हवा आत जाई, दुसऱ्यातून परत येई. धक्क्यावर उतरल्यावर तिला वेगळे यंत्र जोडावे लागे. नंतर यंत्र पेटीतच बसवले गेले आणि तीच पेटी जगभर रुळली. गंमत म्हणजे चेसच्या डब्यात वरून खाली येणारी गार हवा इथे उलटी वाहते. जमिनीत इंग्रजी टी-आकाराच्या पट्ट्यांची जाळी असते, तिच्यातून हवा निघते आणि मालातून वर चढून यंत्राकडे जाते. म्हणून आत एक लाल रेघ असते, तिच्या वर माल रचायचा नाही. रेघ ओलांडली की हवेचा परतीचा रस्ता बंद होतो आणि कोपऱ्यातले खोके गरम होऊ लागते.

ही भिंत म्हातारीही होते. फोममधला वायू हळूहळू बाहेर जातो, हवा आणि ओल आत येते. नाशवंत मालाच्या वाहतुकीसाठी १९७० मध्ये जिनिव्हात झालेला करार, ज्याला एटीपी म्हणतात, तो भिंतीचीच परीक्षा घेतो. एका चौरस मीटरमधून, आतबाहेर एक अंशाचा फरक असताना, ०.४० वॉटपेक्षा जास्त उष्णता झिरपली तर वाहनाला भक्कम उष्णतारोधकाचा दर्जा मिळत नाही. सहा वर्षांनी आणि नऊ वर्षांनी पुन्हा तपासणी. यंत्र नवे बसवून भिंतीचे वय लपत नाही.

आपल्याकडे या कुळाची एक गरीब शाखाही होती. १९४५ मध्ये मुंबई सरकारच्या दूध योजनेसाठी आणंदहून चारशेहून अधिक किलोमीटरवर मुंबईला रेल्वेने दूध येऊ लागले, तेव्हा कॅनांना गोणपाट गुंडाळून त्यावर गार पाणी ओतत. ओले गोणपाट उष्णता अडवत नाही, पाण्याची वाफ होताना ती खाऊन टाकते. उपाय दुसरा, पण तगला. पुढे पोलादी, उष्णतारोधक टाक्यांचे दूधडबे आले. दूध आधीच ४ अंशांपर्यंत गार करून भरले, की बराच लांबचा प्रवास नुसत्या भिंतीच्या भरवशावर होतो.

नाशिकच्या द्राक्षांनीही हेच शिकवले. १९९१ मध्ये महाग्रेप्स ही निर्यातदार संस्था स्थापन झाल्यावर युरोपकडे माल जाऊ लागला, तेव्हा सर्वांत मोठी अडचण घडाच्या अंगातल्या उन्हाची होती. कंटेनरचे यंत्र आतली थंडी टिकवण्यासाठी बनवलेले असते. बागेतून आलेला गरम माल थंड करायची त्याची ताकद नसते. त्यामुळे तोडणी पहाटे होते, घड काही तासांच्या आत प्रीकूलिंगच्या खोलीत जातात आणि जोराच्या गार हवेने ४ अंशांच्या आसपास आणले जातात. मग शीतगृहात शून्य-एक अंशावर थांबून, तितकाच गार कंटेनर दाराशी लागल्यावर ते भरले जातात. भरण्याच्या वेळी यंत्र बंद ठेवतात, कारण दार उघडे असताना ते चालले तर बाहेरची दमट हवा आत ओढली जाते आणि गार नळ्यांवर बर्फ साचतो. दार बंद झाल्यावर न्हावा शेवाकडे निघालेल्या त्या पेटीला तीन-चार आठवडे उन्हातून, समुद्रातून, बंदरातल्या रांगेतून जायचे असते.

७ ऑगस्ट २०२० रोजी देवळालीहून दानापूरला निघालेली पहिली किसान रेल मात्र साध्या पार्सल डब्यांची होती. डाळिंब, कांदा अशा सोशिक मालाला तेवढे पुरते. स्ट्रॉबेरी किंवा मासळी अशा डब्यांत टाकायची, तर १८५१ च्या लोणीवाल्यांप्रमाणे बर्फ सोबत द्यावा लागतो, नाहीतर डब्याला भिंत घालावी लागते.