बुळकांडी आणि सेरेंगेटीचे रान

टांझानियातील सेरेंगेटीचे नाव निघाले की दूरचित्रवाणीवर पाहिलेले चित्र डोळ्यांपुढे येते. क्षितिजापर्यंत पसरलेले गवत, त्यात विल्डबीस्ट या दाढीवाल्या हरिणवर्गीय प्राण्यांचे लक्षावधींचे कळप आणि त्यांच्या मागावर सिंह. माणूस मात्र कोठेच नसतो. निर्माणकर्त्याच्या हातून सृष्टी उतरली तशीच ती येथे राहिली असावी, असे वाटून मन भारावते. इतिहास निराळे सांगतो. माणसाविना असलेले हे रान फार पुरातन नाही, आणि त्याच्या घडणीत गुरांच्या एका रोगाचा वाटा मोठा आहे.

तो रोग म्हणजे बुळकांडी. आपल्या जुन्या शेतकऱ्यांना या शब्दाचा धसका ठाऊक आहे. १८८७ च्या सुमारास इटालियन सैन्यासाठी आणलेल्या गुरांबरोबर हा रोग इरिट्रियाच्या किनाऱ्यावर उतरला. ती गुरे हिंदुस्थानातून गेली होती, असे अनेक इतिहासकार मानतात. चार-पाच वर्षांत रोग मासाईंच्या कुरणांत पोहोचला आणि दहांतली नऊ गुरे मेली. ज्या लोकांचे अन्न, वधूमूल्य, मानमरातब सारे गाईवर उभे, त्यांचे काय झाले असेल? मागोमाग देवीची साथ आणि दुष्काळ आला. १८९२ मध्ये न्गोरोन्गोरोच्या विवरात उतरलेल्या ओस्कार बाउमान या ऑस्ट्रियन प्रवाशाने हाडांचे सापळे झालेली माणसे पाहून त्यांची करुण वर्णने लिहून ठेवली आहेत. मासाई त्या काळाला ‘एमुताई’, म्हणजे सर्वनाश, म्हणतात.

रोगाने रानरेडे आणि विल्डबीस्टही मारले. चरणारी तोंडे गेली, कुरणांत झुडपे माजली, झुडपांत त्सेत्से माशी वाढली आणि निद्रारोगाच्या भयाने माणसांना परतणे अवघड झाले. पुढे आलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांना जे ओसाड दिसले, तेच त्यांना आदिम वाटले.

१९५१ मध्ये सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान झाले. त्याच्या हद्दीत मासाई गुरे चारीतच होते. फ्रँकफुर्टच्या प्राणिसंग्रहालयाचे संचालक बर्नहार्ड ग्झिमेक आणि त्यांचा पुत्र मिखाएल यांनी झेब्र्यासारखे पट्टे रंगविलेल्या विमानातून तेथील जनावरांची मोजदाद केली. १० जानेवारी १९५९ रोजी गिधाडाला धडकून विमान कोसळले आणि चोवीस वर्षांचा मिखाएल गेला. न्गोरोन्गोरोच्या कड्यावर त्याची कबर आहे. १९८७ मध्ये पित्याची रक्षाही तेथेच ठेवली गेली. त्यांच्या चित्रपटाला ऑस्कर मिळाले आणि सेरेंगेटीसाठी जगभरातून पैसा उभा राहिला. या पितापुत्रांविषयी मला आदर आहे. मात्र उद्यानात मूळ रहिवाशांनीही राहू नये, हे त्यांचे मत मला पटत नाही.

१९५८ मध्ये मासाई ज्येष्ठांनी उद्यान सोडण्याच्या करारावर सह्या व अंगठे केले. त्या कागदाचा अर्थ त्यांना कितपत उमगला होता, हा वाद आजही मिटलेला नाही. १९५९ मध्ये न्गोरोन्गोरो उद्यानातून वेगळे काढण्यात आले. तेथे माणसे आणि वन्य प्राणी एकत्र राहतील, असे आश्वासन होते.

यानंतर जे घडले ते फारसे सांगितले जात नाही. विल्डबीस्टची पाडसे आईच्या दुधातून मिळालेली रोगप्रतिकारशक्ती संपताच, वर्षाच्या आत, बुळकांडीने मरत असत. केनियात वॉल्टर प्लाउराइट यांनी स्वस्त व खात्रीची लस सिद्ध केली. ती टोचली गेली मासाई आणि इतर पशुपालकांच्या गुरांना. १९६३ नंतर रानातला रोगही थांबला. १९६१ मध्ये अडीच लाखांच्या आसपास असलेले विल्डबीस्ट १९७७ पर्यंत तेरा लाखांच्या घरात गेले. एवढ्या तोंडांनी गवत चरल्यावर वणवे घटले आणि झाडे पुन्हा वाढू लागली. ज्या गुरांना रानाचे शत्रू म्हणून हाकलले, त्यांनाच टोचलेल्या लसीने रान सावरले!

१९६१ च्या सप्टेंबरात ज्यूलियस न्येरेरे यांनी अरुशा येथील जाहीरनाम्यात वन्य जीवांच्या रक्षणाची हमी दिली. त्यांचे गाव बुटियामा सेरेंगेटीच्या पश्चिमेलाच आहे. ते श्रद्धावान कॅथॉलिक होते आणि त्यांना संतपद मिळावे यासाठी मुसोमा धर्मप्रांताने प्रक्रिया सुरू केली आहे. नवस्वतंत्र, दरिद्री देशाने एवढी जमीन प्राण्यांसाठी राखली, ही लहान गोष्ट नव्हे. चोरट्या शिकारीचा आणि वाढत्या शेतीचा रेटा पाहता, उद्यान नसते तर हे कळप आज दिसले असते, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

पण आश्वासनाचे काय? १९७५ मध्ये न्गोरोन्गोरोत शेतीला बंदी झाली आणि त्याच सुमारास विवराच्या तळातून मासाईंना बाहेर काढले. जून २०२२ मध्ये शेजारच्या लोलिओंडोत राखीव क्षेत्राच्या खुणा रोवताना पोलीस आणि मासाई यांच्यात संघर्ष झाला, त्यात एक पोलीस मारला गेला आणि अनेक मासाई जखमी झाले. त्याच वर्षापासून न्गोरोन्गोरोतील कुटुंबे शेकडो किलोमीटर दूरच्या म्सोमेरा येथे हलविली जाऊ लागली. सरकार याला स्वेच्छेचे स्थलांतर म्हणते. अनेक मासाई तसे म्हणत नाहीत.

उद्यानातील मोरू येथे उंच खडक आहेत. १९५९ पर्यंत त्यांच्या भोवती मासाईंची गुरे चरत. एका कपारीत त्यांनी रंगविलेल्या ढालींची लाल, पांढरी, काळी चित्रे अजून आहेत, आणि प्रवाशांना ती आवर्जून दाखविली जातात.