पाखराची खरूज

गझलेतल्या बुलबुलाला पिंजरा असतो, शिकारी असतो, काळजात रुतलेला काटाही असतो. पण अंगाला खाज सुटलेला बुलबुल मी आजवर वाचलेला नाही. पाखराच्या आवाजावर आम्हा कवींनी वह्याच्या वह्या भरल्या, कातडीकडे मात्र बघितलं नाही. ठळक अपवाद एकच आठवतो, सतराव्या शतकातला पश्तो कवी खुशालखान खटक. औरंगजेबाशी वैर पत्करलेला हा सरदार आपल्या शिवाजीमहाराजांचा समकालीन. त्यानं ‘बाजनामा’ नावाचं काव्य लिहिलं आणि ससाणे कसे पाळावेत, त्यांची दुखणी कशी ओळखावीत, औषध काय करावं, हे चक्क पद्यात सांगितलं.

असे ग्रंथ निव्वळ मायेपोटी लिहिले गेले, असं मी म्हणणार नाही. शिकवून तयार केलेला ससाणा म्हणजे मोठी दौलत. ती मरून चालत नसे. म्हणूनच अरबीतला एक ससाणाशास्त्राचा ग्रंथ १२४०च्या सुमारास सम्राट दुसरा फ्रेडरिक यानं लॅटिनमध्ये करवून घेतला. आपल्याकडे कुमाऊँचा राजा रुद्रदेव याच्या नावावर ‘श्यैनिकशास्त्र’ हा संस्कृत ग्रंथ आहे. हरप्रसाद शास्त्री यांनी तो १९१० साली कलकत्त्यात प्रसिद्ध केला. ऋतुमानाप्रमाणे ससाण्याची निगा आणि त्याच्या आजारांवरचे उपचार त्यात आहेत.

या जुन्या पोथ्यांत उवांचा उपद्रव पुन्हा पुन्हा येतो. पाखराची ऊ आपल्या डोक्यातल्या उवेसारखी नसते. तिच्या बहुतेक जाती पिसं आणि कोंडा कुरतडून जगतात. त्यावरचा इलाज वाचला की अंगावर काटा येतो. इंग्लंडमध्ये १४८६ साली छापलेल्या ‘बुक ऑफ सेंट ऑल्बन्स’मध्ये उवांवर पारा सांगितला आहे. हरताळाची पूडही त्या काळी वापरत. हरताळ म्हणजे सोमल आणि गंधक यांचं संयुग, अस्सल विष. (पोथीतली चुकलेली अक्षरं पुसायला हाच हरताळ लावत. ‘हरताळ फासणे’ तिथून आलं. इथं अक्षराऐवजी पाखरूच पुसलं जायची भीती!)

ऊ मरायची, यात शंका नाही. पण पाखरू दिवसभर चोचीनं पिसं विंचरत असतं. शेपटीच्या मुळाशी तेलाची गाठ असते, तिथलं तेल चोचीनं घेऊन ते अंगभर फिरवतं. म्हणजे पाखराच्या अंगाला जे लावाल ते त्याच्या पोटात जाणारच. माणसाला मलम बाहेरून लागतं. पाखराला बाहेरून असं काही लागतच नाही. ही साधी गोष्ट ध्यानात न घेता माणसानं शतकानुशतकं पाखरांवर औषधं चोपडली. पारा गेला, रॉकेल आलं, पुढं डीडीटी आणि गमेक्सिनच्या पुड्या आल्या. आमच्या सोलापुरात कोंबडीच्या पायावर खवले धरले की तिचे पाय रॉकेलच्या डब्यात बुडवणारे चाचा मी लहानपणी पाहिले आहेत. खवले सुटायचे आणि कातडीही भाजून निघायची.

कबूतरवाल्यांची नजर मात्र तयार असे. अकबराच्या दरबारी वीस हजारांवर कबुतरं होती आणि या नादाला तो ‘इश्कबाजी’ म्हणे, असं ‘आईन-इ-अकबरी’ सांगते. आमच्याकडचे जुने कबूतरबाज पिसं गळायच्या दिवसांना ‘कुरीज’ म्हणत. हा फारसी शब्द ससाण्यांच्या पोथ्यांतला. कुरीज म्हणजे आजार नव्हे. जुनी पिसं जातात, नवी येतात, कातडी उघडी पडत नाही. उघडी पडली तर काहीतरी बिघडलं. त्यातही एक खूण मोलाची. अंग बोडकं पण डोक्यावरची पिसं शाबूत, तर पाखरू स्वतःच पिसं उपटतंय, कारण चोच स्वतःच्या डोक्यापर्यंत पोचत नाही. डोकंही बोडकं असेल तर जोडीदार टोचत असेल किंवा रोग असेल.

आता घरोघरच्या पिंजऱ्याकडे येऊ. आपला हिरवा पोपट १९७२च्या वन्यजीव कायद्यानं घरी ठेवता येत नाही. घरात दिसतात ते बहुधा बजरीगर. दुकानदार त्यांनाच सरसकट ‘लव्हबर्ड’ म्हणतात. हे मूळचे ऑस्ट्रेलियाचे. पक्षितज्ज्ञ जॉन गूल्ड यांनी १८४० साली ते जिवंत इंग्लंडला आणले आणि तिथून ते जगभर गेले. त्यांना एक खरूज होते. चोचीच्या कोपऱ्यात पांढुरकी, चुन्यासारखी पुटं धरतात. नीट पाहिलं तर स्पंजासारखी बारीक भोकं दिसतात. मग नाकाचा भाग, पापण्या, पाय. आणि दुर्लक्ष झालं तर चोच वाकडी वाढते. माणसाच्या खरजेच्या किड्याचाच हा भाऊबंद. त्याची वेगळी जात म्हणून ओळख पटली ती १९५१ साली, ब्रिटनमधल्या एका बजरीगरच्या पायावरच्या खवल्यांतून. पाखरू युरोपात आल्यावर एकशे अकरा वर्षांनी! तोवर मलमं चालूच होती.

मादीचा नाकावरचा भाग विणीच्या दिवसांत तपकिरी आणि जाड होतो. ती खरूज नव्हे, तिला औषध नको. शंका असेल तर डॉक्टर पुटं खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात.

औषध आज आहे आणि गुणकारी आहे. जपानमध्ये सातोशी ओमुरा यांना मातीत सापडलेल्या सूक्ष्मजीवापासून, अमेरिकेत विल्यम कॅम्बेल यांच्या कामातून आयव्हरमेक्टिन तयार झालं. १९८१पासून ते जनावरांसाठी मिळू लागलं आणि २०१५ साली या दोघांना नोबेल मिळालं. पण एवढं औषध हाताशी येऊनही पाऱ्याच्या काळातली चूक चालूच आहे. जरा हिशेब करा. बजरीगरचं वजन ३५ ग्रॅमच्या आसपास. किलोला ०.२ मिलिग्रॅम या नेहमीच्या मात्रेनं त्याला लागतं ते ७ मायक्रोग्रॅम. गाई-म्हशींच्या एक टक्का इंजेक्शनच्या एका थेंबात असतं सुमारे ५०० मायक्रोग्रॅम. ‘एकच थेंब तर घालतोय’ म्हणणारा माणूस सत्तरपट औषध देत असतो. म्हणून पक्ष्यांची माहिती असलेल्या पशुवैद्यानं पातळ करून दिलेलं, त्यानं सांगितलेल्या दिवसांच्या अंतरानं, तेवढंच द्यायचं. आपल्या घरातली खाजेची मलमं तर लावूच नयेत. त्यांतली स्टिरॉइडं पाखराला सोसत नाहीत, आणि तेलकट मलमानं पिसं चिकटली की अंगाची ऊब जाते.

पिंजऱ्यातल्या सगळ्यांवर एकाच वेळी उपचार करावे लागतात. बसायच्या लाकडी दांड्या बदलाव्यात, कारण त्यांच्या फटींतून किडा दुसऱ्याच्या पायावर चढू शकतो. पुटं नखानं खरवडून काढू नयेत, रक्त येतं. किडा मेला की ती आपोआप गळतात. वाकलेली चोच मात्र पुष्कळदा तशीच राहते आणि पुढं अधूनमधून डॉक्टरांकडून कापून घ्यावी लागते.