रस्त्यावरचा दिवा कोणाचा? अंबडमधून विचारलेला एक जुना प्रश्न

अंबडमध्ये सेकंड शिफ्ट सुटते तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेलेले असतात. एक्सलो पॉइंटकडून चुंचाळे शिवाराच्या किंवा दत्तनगरच्या दिशेने माणसं चालत, सायकलवर, मोटरसायकलवर घरी निघतात. आता समजा, या वाटेवरचे चार दिवे बंद आहेत. तक्रार कोणाकडे करायची?

प्रश्न सोपा वाटतो ना? मलाही वाटायचा. मी मूळची सायन्सची. एमएस्सी पर्यावरणशास्त्रात केलं आणि आता पीएचडी करतेय ती शहरांतल्या नागरी सेवांच्या इतिहासावर. घरी आई अधूनमधून विचारते, "तुझ्या त्या जुन्या कागदांनी आपल्या रस्त्यावरचा दिवा लागणार आहे का?" आज तिलाच उत्तर द्यायचा प्रयत्न करते. तुम्हीही ऐका.

लॅबमध्ये एक सवय लागते. उपकरण बंद पडलं की आधी विचारायचं, वीज कुठून येते आणि कुठे अडते? तसंच इथे करू. दिवा लावायची जबाबदारी कुठून येते आणि वाटेत कुठे अडते, ते शोधू.

एका अंबडमध्ये किती अंबड?

आज आपण ज्याला सरसकट अंबड म्हणतो, त्यात खरं तर तीन वेगवेगळ्या वस्त्या आहेत. पहिलं, मूळ गाव. दुसरी, औद्योगिक वसाहत. १९६१ च्या कायद्याने १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपली एमआयडीसी, स्थापन झाली. नाशकात तिने आधी सातपूर आणि मग अंबड वसवलं. तिसरी, सिडकोची वस्ती. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने अंबड आणि आसपासच्या गावांच्या जमिनी संपादित करून नवीन नाशिकच्या सहा योजना उभारल्या आणि पुढे त्या टप्प्याटप्प्याने महापालिकेकडे गेल्या.

आणि महापालिका? ती आली ७ नोव्हेंबर १९८२ रोजी. नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या नगरपालिका आणि भोवतालची वीसेक गावं एकत्र करून ती बनवली गेली. त्यात अंबडही होतं.

म्हणजे बघा, गावाच्या शेतावर कारखाने आले, शेजारी कामगारांसाठी घरं आली आणि हे सगळं नंतर एका शहराच्या हद्दीत ओढलं गेलं. प्रत्येक टप्प्यावर नवी संस्था आली, पण जुनी पूर्ण गेली नाही. औद्योगिक भूखंड आणि त्यांची आखणी एमआयडीसीकडे, मालमत्ता कर महापालिकेकडे. मग वसाहतीतले रस्ते, दिवे, कचरा नेमका कोणाचा, हे उद्योजकांच्या संघटना वर्षानुवर्षं विचारत आल्या आहेत. महामार्गाचा भाग आला की आणखी एक यंत्रणा. वीजपुरवठा महावितरणचा. आणि अंधारात कोणाचा मोबाइल हिसकावला गेला, तर प्रश्न पोलिसांचा.

इथे एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. आपल्याकडे पोलीस महापालिकेच्या हाताखाली नसतात. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची जोडली. शहरांच्या संस्थांकडे देता येतील असे अठरा विषय तिच्यात आहेत. त्यात अग्निशमन आहे, रस्त्यावरची दिवाबत्ती आहे, बसथांबे आहेत. पोलीस नाहीत. ते राज्याच्या गृहखात्याकडे. म्हणजे रस्ता उजेडात ठेवणारा एक आणि त्याच रस्त्यावर गस्त घालणारा दुसरा. दोघांना एकाच टेबलावर बसवून जाब विचारायची जागा सामान्य माणसाकडे नाही. अंबड-चुंचाळे भागातले लोक औद्योगिक पट्ट्यासाठी स्वतंत्र पोलीस ठाणं मागत आले, तेव्हा ती मागणी पालिकेच्या सभागृहात सुटणारी नव्हतीच. ती मुंबईकडेच न्यावी लागते.

जाब विचारण्याची सुरुवात: ज्याचा कर, त्याचं मत

आता थोडं मागे जाऊ. शहराच्या कारभाऱ्याला जाब विचारायची पद्धत आपल्याकडे आली कुठून?

मुंबईत १८६५ च्या कायद्याने म्युनिसिपल कमिशनर हे पद ताकदवान झालं आणि त्यावर आर्थर क्रॉफर्ड आले. माणूस धडाडीचा. रस्ते, गटारं, मंडई, सगळं हाती घेतलं. पण पैसा पाण्यासारखा गेला आणि हिशेब विचारणारं कोणी परिणामकारक नव्हतं. शेवटी करदातेच उठले. १८७१ च्या आसपास मुंबईत करदात्यांचं मोठं आंदोलन झालं, क्रॉफर्ड यांना जावं लागलं आणि १८७२ च्या कायद्याने ६४ सदस्यांची सभा आली. त्यातले निम्मे, म्हणजे ३२, करदात्यांनी निवडून द्यायचे होते.

मोठी गोष्ट होती ही. पण तिच्यातली मेख लक्षात घ्या. मत होतं ते ठरावीक कर भरणाऱ्याला. शहरात राहणाऱ्या प्रत्येकाला नव्हे. जो पैसे देतो तो हिशेब मागतो, असा तो विचार.

त्याच काळात पुण्यात महात्मा जोतीराव फुले नगरपालिकेचे सदस्य होते, १८७६ ते १८८२. तेव्हाचे सदस्य सरकारनियुक्त असायचे, म्हणजे सरकारला न दुखावणं हेच सोयीचं. तरी व्हाइसरॉय लिटन पुण्यात येणार म्हणून स्वागतावर खर्च करायचं ठरलं, तेव्हा फुल्यांनी विरोध केला. नवी मंडई बांधण्याच्या खर्चालाही केला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर लावा, असं त्यांचं म्हणणं. १८८० मध्ये शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांबद्दलही त्यांनी पालिकेकडे लेखी तक्रार केली. वस्तीची सुरक्षितता हा पालिकेचाही विषय आहे, हे सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी त्यांनी कागदावर मांडलं होतं. गंमत म्हणजे पुण्याच्या त्या मंडईला आज फुल्यांचं नाव आहे, आणि मुंबईत क्रॉफर्ड मार्केटलाही!

मला या दोन गोष्टी शेजारी ठेवाव्याशा वाटतात. मुंबईचा करदाता आपल्या पैशाचा हिशेब मागत होता. फुले अशा लोकांच्या वतीने बोलत होते ज्यांचं नाव करदात्यांच्या यादीत नव्हतंच. अंबडमध्ये आज हा फरक रोज दिसतो. शिफ्ट सुटल्यावर अंधारात चालणारा कामगार बहुतेक वेळा भाड्याच्या खोलीत राहतो. घरपट्टी मालकाच्या नावावर, वीजबिल मालकाच्या नावावर. अनेकांचं मतदारयादीतलं नाव अजून गावी, बिहारमध्ये नाहीतर नंदुरबारमध्ये. "आम्ही टॅक्स भरतो" हे वाक्य तो म्हणू शकत नाही. दिव्याची गरज मात्र त्यालाच सगळ्यात जास्त.

कायदा काय म्हणतो?

नाशिक महापालिका ज्या कायद्याने चालते तो मूळचा १९४९ चा, मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम. आता त्याला महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम म्हणतात. त्याच्या कलम ६३ मध्ये पालिकेची बंधनकारक कर्तव्यं दिली आहेत: रस्त्यांची सफाई, गटारं, पाणी, अग्निशमन, धोकादायक इमारतींचा बंदोबस्त, आणि हो, सार्वजनिक रस्त्यांवर दिवाबत्ती. कलम ६६ मध्ये ऐच्छिक कामं आहेत. म्हणजे दिवा ही मेहरबानी नाही, कर्तव्य आहे.

मग कर्तव्य चुकलं तर? याच कायद्यात राज्य सरकार पालिकेला आदेश देऊ शकतं, टोकाला गेलं तर ती बरखास्तही करू शकतं. आयुक्तही राज्य सरकारच नेमतं. म्हणजे जबाबदारीची तार वर, मंत्रालयाकडे जाते. खाली, रस्त्यावरच्या माणसाकडे येणारी तार एकच: नगरसेवक.

आणि ती तार नाशकात अनेकदा तुटलेली राहिली. १९८२ मध्ये महापालिका झाली, पण पहिली निवडणूक झाली १९९२ मध्ये. पहिली दहा वर्षं प्रशासक. पुढे फेब्रुवारी २०१७ मध्ये निवडून आलेल्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक थेट जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधली जवळपास चार वर्षं पुन्हा प्रशासक. घटनेचं कलम २४३-यू म्हणतं की मुदत संपण्याआधी निवडणूक व्हायला हवी. तरी हिशेब करा: सुमारे ४३ वर्षांपैकी जवळजवळ १४ वर्षं आपल्याकडे जाब विचारायला नगरसेवकच नव्हता.

नगरसेवक असतानाही घोळ आहेच. २०१७ मध्ये १२२ नगरसेवक ३१ प्रभागांत वाटलेले होते, बहुतेक प्रभागांत चार-चार. चौघांचं काम ते कोणाचंच नाही, हे आपण कॉलेजच्या ग्रुप प्रोजेक्टमध्ये शिकलेलोच असतो.

रतलामचा धडा

आता एक गोष्ट जी मला फार आवडते. मध्य प्रदेशातलं रतलाम. तिथल्या एका प्रभागातले रहिवासी उघडी गटारं, मद्यार्काच्या कारखान्याचं सांडपाणी आणि शौचालयांअभावी होणारी घाण यांनी वैतागले. त्यांनी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली थेट दंडाधिकाऱ्यांकडे धाव घेतली. सार्वजनिक उपद्रव दूर करायचा आदेश देणारं हे कलम. दंडाधिकाऱ्यांनी पालिकेला गटारं बांधायला सांगितलं. पालिका भांडत भांडत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली.

पालिकेची कारणं ऐका. एक, पैसे नाहीत. दोन, या लोकांनी इथली स्थिती माहीत असूनच इथे घरं घेतली, मग आता तक्रार कसली? १९८० मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला: पैसे नाहीत हे वैधानिक कर्तव्य टाळायचं कारण होऊ शकत नाही. आणि लोक स्वतःहून तिथे राहायला आले, ही सबबही चालली नाही.

"एमआयडीसीजवळ घर घेतलंत, मग असं होणारच" हे वाक्य अंबडमध्ये तुम्ही कधी ना कधी ऐकलं असेल. त्याचं उत्तर रतलामने तेव्हाच मिळवून ठेवलंय. ते जुनं कलम १३३ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १५२ म्हणून आलं आहे.

पण एक खरं सांगते. रतलामच्या लोकांना या वाटेवर कित्येक वर्षं लागली. बंद दिव्यासाठी प्रत्येक गल्लीने सर्वोच्च न्यायालय गाठायचं, हा काही उपाय नाही. म्हणून जवळचे रस्ते बघू.

आपल्या हातात काय आहे?

२००५ चा माहिती अधिकार. त्याआधी महाराष्ट्राने स्वतःचा कायदा २००२ मध्येच आणला होता. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. इथे मतदार असण्याची अट नाही, करदाता असण्याची नाही. भारताचा कोणताही नागरिक चालतो. म्हणजे भाड्याच्या खोलीतला तो कामगारही. माझ्या मते १८७२ पासूनच्या प्रवासात ही सगळ्यात मोठी उडी आहे.

फक्त प्रश्न नीट विचारा. "दिवा का बंद आहे?" असं विचारलं तर टोलवाटोलवी होते. त्यापेक्षा विचारा: या रस्त्याच्या देखभालीची जबाबदारी कोणत्या संस्थेकडे आहे, ती कोणत्या आदेशाने आली, त्याची प्रत द्या. या रस्त्यावरच्या खांबांची यादी द्या. देखभालीच्या ठेक्यात बंद दिवा किती वेळात सुरू करायची अट आहे आणि उशिरासाठी किती दंड वसूल झाला, त्याच्या नोंदी द्या. कारण या कायद्याने कागद मिळतो, कारणमीमांसा नाही. आणि जबाबदारीचा कागद एकदा हातात आला की "ते आमच्याकडे येत नाही" हे वाक्य संपतं.

२०१५ चा सेवा हक्क कायदाही आहे, पण तो अधिसूचित सेवांपुरता: जन्म-मृत्यूचे दाखले, मालमत्ता कराचे उतारे वगैरे. दाखल्याला मुदत लागली, ही चांगलीच गोष्ट. रस्त्यावरच्या अंधाराला अशी मुदत लावून घेणं अजून बाकी आहे.

आणि एक विसरलेली तरतूद. २००९ मध्ये आपल्या कायद्यात क्षेत्रसभा आली. काही मतदान केंद्रांचा मिळून एक परिसर आणि तिथल्या सगळ्या मतदारांची सभा, गावच्या ग्रामसभेसारखी. कागदावर आहे, जमिनीवर फारशी उतरली नाही. अंबडसाठी यात एक विचित्र गोष्ट आहे. गाव म्हणून ग्रामपंचायतीच्या कायद्यात ग्रामसभेची तरतूद होती. शहरात आल्यावर समोरासमोर बसून विचारायची ती जागा गेली आणि तिच्या बदल्यात दिलेली सभा अजून भरायची आहे. आता सभागृह पुन्हा निवडून आलंय, तर आपल्या प्रभागातल्या चौघांनाही एकाच कागदावर, एकाच दिवशी हा प्रश्न विचारता येईल: आमची क्षेत्रसभा कधी?

आईला मी हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तुझ्या कागदांनी दिवा लागणार नाही, पण तो कोणी लावायचा ते कळेल." बरोबर आहे तिचं. या रविवारी आम्ही दोघी आमच्या रस्त्यावरच्या खांबांचे नंबर लिहून घेणार आहोत. तुमच्या रस्त्यावरचे खांब तुम्हीही मोजा. आणि तुमचा रस्ता नेमका कोणाच्या ताब्यात आहे, ते कागदावर मिळालं, तर मला नक्की कळवा.